नागासाकीच्या नाक्यावर

दसरा उलटला की आमच्या घरी एक वाद दरवर्षी ठरलेला असतो. परदेशी असलेल्या भाच्याच्या डब्यात काय घालायचे आणि काय नाही, हा तो वाद. चकलीला हरकत नसावी. पण खव्याची करंजी अडवतील का? आणि मेतकूट म्हणजे काय हे तिकडच्या साहेबाला कोणत्या भाषेत समजावायचे? गेल्या वर्षी भाचा स्वतःच आला होता. निघण्याच्या आदल्या रात्री बॅग भरता भरता तो म्हणाला, "मामी, तिथे उतरताना एक कागद भरून द्यावा लागतो. खाण्याचा जिन्नस आहे का, बी-बियाणं आहे का, बुटाला शेतातली माती लागलीय का, सगळं विचारतात. खोटं लिहिलं तर दंड."

"बुटाच्या मातीची चौकशी?" आमची मंडळी लाडू मोजायचे थांबली. "अरे, आपण काय शेत उचलून घेऊन चाललोय?"

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे असले काही कानावर पडले की मन मागे धावते. त्या रात्री ते पोचले थेट जपानात, नागासाकी बंदरातल्या एका चिमुकल्या बेटावर. परक्या देशात पाऊल टाकणाऱ्याची झडती कशी घ्यावी याचे शास्त्र त्या बेटावर दोनशेहून अधिक वर्षे चालले. ते शास्त्र ऐकले की आजचा तो कागद म्हणजे पाहुण्याला दिलेला पानसुपारीचा विडा वाटावा.

बेटाचे नाव देजिमा. ते निसर्गाने केलेले नव्हे. 1634 ते 1636 या दोन वर्षांत नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांनी आपला पैसा घालून समुद्रात भर टाकली आणि उघड्या पंख्याच्या आकाराची जमीन तयार केली. क्षेत्रफळ म्हणाल तर सुमारे पावणेचार एकर. चहूकडे कुंपण, आणि शहराशी जोडणारा एकच लहानसा पूल. हा खटाटोप मुळात होता पोर्तुगीजांसाठी.

पोर्तुगीजांची ही कथा आपल्या गोव्यापासून सुरू होते. 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि जपानात उतरला. बरोबर अंजिरो नावाचा एक जपानी होता. तो गोव्यातच ख्रिस्ती झाला होता. पुढे नव्वद वर्षे पोर्तुगीज जहाजे गोवा, मकाव, नागासाकी अशी ये-जा करीत राहिली. रेशमाबरोबर धर्मही उतरत होता. जपानच्या शोगुनांना, म्हणजे तिथल्या खऱ्या सत्ताधीशांना, त्याची धास्ती वाटू लागली. आज धर्म आला, उद्या त्यामागून तोफा येतील, हा त्यांचा हिशेब. हिंदी महासागरात काय घडत होते ते पाहता तो अगदीच चुकीचा होता असे मला वाटत नाही. 1635 मध्ये हुकूम निघाला की कोणाही जपान्याने देश सोडू नये, आणि जो बाहेर गेला असेल त्याने परत येऊ नये, आल्यास देहान्त. 1637 मध्ये शिमाबारा येथे शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांत ख्रिस्ती पुष्कळ होते. ते बंड चिरडल्यावर 1639 मध्ये पोर्तुगीजांना कायमचे हाकलले. पुढच्याच वर्षी मकावहून काही मंडळी रदबदलीसाठी आली. त्यांच्यापैकी एकसष्ट जणांची डोकी नागासाकीत उडवली गेली. तेरा जणांना जिवंत ठेवले, ते घडलेली हकीकत मकावला जाऊन सांगावी म्हणून!

बेट रिकामे पडले. मग डचांची पाळी आली. आपल्या वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती आणि जिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत, तेच हे डच. जपानात त्यांची वखार हिरादो येथे होती. तिथे त्यांनी दगडी गोदाम बांधले आणि हौसेने दर्शनी भागावर ख्रिस्ती शकातले साल कोरले. एवढे निमित्त पुरले. गोदाम पाडून टाकण्याचा हुकूम झाला आणि 1641 मध्ये साऱ्या डचांना उचलून देजिमावर आणून बसवले. व्यापारी माणसे ती. अपमान गिळला आणि वर बेटाचे भाडेही भरीत राहिली.

आता या बेटाच्या दाराशी घटकाभर उभे राहू या.

बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर डच जहाज साधारण श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास नागासाकीच्या खाडीत शिरे. आधी अधिकारी आणि दुभाषे जहाजावर चढत. माणसांची यादी मागत: नाव, वय, हुद्दा. यादीबरहुकूम एकेकाला समोर उभे करून मोजत. ही मोजदाद एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा होई. मग दारू, गोळे, तलवारी उतरवून जपान्यांच्या ताब्यात जात. शेवटी येई एक लाकडी पेटी. जहाजावरचे सगळे बायबल, सगळी प्रार्थनेची पुस्तके त्या पेटीत टाकायची, वर खिळे ठोकायचे आणि पेटी जपान्यांच्या हवाली करायची. जहाज परत निघाले की पेटी परत. तोवर देवाचे नाव घ्यायचे ते मनातल्या मनात.

आणि आत यायला मिळे ते फक्त डचांना. दुसऱ्या कोणा युरोपियनाला मज्जाव. पण या नियमाची मौज अशी की, देजिमाबद्दल जगाला ज्यांनी सर्वांत जास्त सांगितले ते तिघेही डच नव्हतेच! 1690 मध्ये आलेला केंफर जर्मन. 1775 मध्ये आलेला थुनबर्ग स्वीडनचा, वनस्पतींना नावे देणाऱ्या थोर लिनियसचा चेला. तो आफ्रिकेच्या टोकाला तीन वर्षे राहून डच भाषा घोटून आला होता. 1823 मध्ये आलेला सीबोल्ट पुन्हा जर्मन. तिघेही डॉक्टर. सीबोल्टचे डच उच्चार ऐकून जपानी दुभाषे चपापले. त्यांची स्वतःची डच भाषा त्याच्याहून सफाईदार होती. तेव्हा कोणी तरी सांगून टाकले की हा डोंगराळ मुलखातला डच आहे, म्हणून असा बोलतो. हॉलंड देशात डोंगर म्हणून नाही. पण जपानातून बाहेर जाऊन खातरजमा करणार कोण? बाहेर जायची बंदी होती ना!

थुनबर्गने आपल्या प्रवासवर्णनात जकातीच्या झडतीचे वर्णन केले आहे ते वाचताना हसू आवरत नाही. खोकी रिकामी करून त्यांच्या फळ्या ठोकून पाहायच्या. गाद्या उसवून आतली पिसे चाळायची. लोण्याच्या आणि मुरंब्याच्या बरण्यांत लोखंडी तार खुपसायची, चीज कापून त्यातही तार घालायची. इतकेच नव्हे, बटाव्हियाहून आणलेली अंडीसुद्धा काही फोडून पाहिली! ही झडती जहाजावरून बेटावर येताना आणि बेटावरून जहाजावर जाताना, दोन्ही वेळा. एका खलाशाने पूर्वी एकदा चोळण्यात पोपट लपवून आणला होता. झडती चालू असतानाच पोपट बोलायला लागला आणि पकडला गेला.

पण इतकी बारीक झडती आली कुठून? ती डचांनीच ओढवून घेतली होती. फार वर्षे जहाजाचा कप्तान आणि वखारीचा मुख्य या दोघांची झडती घेतली जात नसे. मोठ्या माणसांचा मान म्हणून. कप्तानाने काय करावे? त्याने निळ्या रेशमाचा, चंदेरी गोट लावलेला, ऐसपैस डगला शिवून घेतला. डगल्याच्या आत पोटाशी भरपूर जागा. ती चोरट्या मालाने ठासून भरायची आणि ऐटीत पूल ओलांडायचा. दिवसातून तीन तीन खेपा. ओझे कधी इतके होई की दोन बाजूंनी दोन खलाशांना त्याचे दंड धरून चालवावे लागे. इतरांचा मालही तो असा पोचवी, अर्थात मोबदला घेऊन. शाळेच्या सहलीत एका मुलाच्या दप्तरात साऱ्या वर्गाच्या चिंचा निघाव्यात, तशातला प्रकार.

1772 मध्ये एक डच जहाज वादळात सापडले. बुडणार असे समजून माणसे ते सोडून गेली. ते मात्र बुडाले नाही. लाटांवर वाहत वाहत जपानच्या किनाऱ्याला लागले. जपान्यांनी उघडून पाहिले तर बंदी असलेला माल, आणि तोही कप्तानाच्या व मुख्याच्या खाजगी पेट्यांत. झाले! थुनबर्ग 1775 मध्ये आला त्याच वर्षी नवा हुकूम लागू झाला की कप्तानाने साध्या कपड्यांत यावे आणि त्याचीही झडती व्हावी. बेटावरचे जपानी लोक त्या दिवशी आश्चर्याने पाहतच राहिले म्हणे. डच कप्तान इतका सडपातळ कसा? त्यांची समजूत अशी की कप्तान म्हणजे पोट सुटलेलाच असायचा.

इथपर्यंत ही सारी गंमत. पण त्याच पुलावर एक पाटी होती, ती केंफरने उतरून घेतली आहे. बायकांपैकी फक्त गणिकांनी आत यावे. साधूंपैकी फक्त कोया पर्वतावरच्या भिक्षूंनी. भिकाऱ्यांनी येऊ नये. पाटी जपान्यांसाठी होती. परदेशी बायकांसाठी पाटीच नव्हती, कारण त्या येणारच नव्हत्या. डचांनी एकट्याने यायचे, एकट्याने जायचे.

1817 च्या ऑगस्टमध्ये वखारीचा नवा मुख्य यान कॉक ब्लोमहॉफ आपल्या बायकोला घेऊन आला. तिचे नाव तितिया बेर्गस्मा. कडेवर वर्षा-दीड वर्षाचा मुलगा योहानेस. बरोबर मुलाची दाई. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेले. एवढ्या दूर एकटे जाणे नको म्हणून दोघांनी धाडस केले. नागासाकीत गोरी बाई म्हणजे नवलच. चित्रकारांनी तिची चित्रे काढली, ती छापून घरोघर विकली गेली. तिच्या मुलाला मांडीवर घेतलेले चित्र मी पुस्तकात पाहिले आहे. बाई कुठल्याही देशाची असो, मूल मांडीवर घेतले की ती सारखीच दिसते. ब्लोमहॉफने अर्ज केले, विनवण्या केल्या. शोगुनाच्या दरबारातून उत्तर आले: नाही. डिसेंबरात तितिया, बाळ आणि दाई यांना परत पाठवण्यात आले. नवरा कामावर राहिला. 1821 मध्ये तितिया हॉलंडात वारली. नवऱ्याची आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. तिची छापील चित्रे मात्र जपानात पुढेही खपत होती.

त्याच डिसेंबरात आधीचा मुख्य हेंड्रिक डूफ यानेही जपान सोडले. त्याला तिथल्या बाईपासून झालेला नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. नियम असा की जपानी आईचे मूल देशाबाहेर जाऊ शकत नाही. डूफने पोराच्या पोटापाण्याची तजवीज लावली आणि जहाजावर चढला. त्या एका महिन्यात त्या चिमुकल्या बेटाने एका बायकोला आत राहू दिले नाही आणि एका मुलाला बाहेर जाऊ दिले नाही.

मग या कडेकोट दारातून आत गेले तरी काय? साखर गेली, कापड गेले. आणि पुस्तके गेली. 1720 मध्ये शोगुन योशिमुने याने ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या ग्रंथांवरची बंदी सैल केली. त्याला पंचांग सुधारायचे होते. त्या फटीतून शरीरशास्त्राचे एक डच पुस्तक एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पोचले. 1771 मध्ये सुगिता गेंपाकू आणि माएनो र्‍योताकू हे दोन वैद्य एका देहान्त झालेल्या म्हातारीचे शवविच्छेदन पाहायला गेले. दोघांच्याही हातात योगायोगाने तेच पुस्तक. आतले आतडे, काळीज, फुप्फुस पुस्तकातल्या चित्राप्रमाणे तंतोतंत! दुसऱ्याच दिवशी त्यांनी मित्रांसह भाषांतराला सुरुवात केली. डच भाषा येत होती ती थोडीशी माएनोला. सुगिताला अक्षरेही धड ठाऊक नव्हती. एकेका शब्दावर दिवस जाई. नाकाच्या वर्णनातल्या एका शब्दाने त्यांना कसे छळले आणि अखेर 'उंचवटा' हा अर्थ सापडल्यावर किती आनंद झाला, हे सुगिताने म्हातारपणी आठवणींत सांगितले आहे. 1774 मध्ये ग्रंथ छापून झाला. चीजमध्ये तार खुपसणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे आत गेले होते.

आत येणाऱ्या ज्ञानाला फट मिळाली; बाहेर जाणाऱ्याला ती नव्हती. बंदीच्या मालात सर्वांत भयंकर माल कोणता होता? सोने नव्हे, तलवार नव्हे. नकाशा.

तो डोंगराळ डच, सीबोल्ट, मोठा हुशार डॉक्टर. मोतीबिंदू काढी, देवी टोची. म्हणून त्याला बेटाबाहेर पाऊल टाकण्याची सवलत मिळाली. 1824 मध्ये त्याने नारुताकी येथे शाळा काढली; लांबून लांबून जपानी तरुण वैद्य तिथे शिकायला येत. सोबत राही ती ताकी नावाची मुलगी. पुलावरच्या पाटीमुळे तिला गणिकांच्या वहीत नाव लावूनच आत यावे लागे. 1827 मध्ये त्यांना मुलगी झाली. नाव इने.

त्याआधी 1826 मध्ये सीबोल्ट वखारीच्या मुख्याबरोबर एदोला गेला होता. तिथे त्याची ओळख झाली दरबारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासू याच्याशी. ताकाहाशीला उत्तरेकडच्या रशियाची चिंता होती. सीबोल्टजवळ रशियन दर्यावर्दी क्रुझेनश्टर्नचे प्रवासाचे पुस्तक होते. ताकाहाशीच्या ताब्यात होते इनो तादाताका याने उतारवयात साऱ्या जपानभर पायी हिंडून, मोजून केलेले नकाशे. एकाला पुस्तक हवे, दुसऱ्याला नकाशे. अदलाबदल झाली. दोघेही विद्वान; विद्वानांना असल्या वेळी कायदा आठवत नाही.

ही गोष्ट उघडकीस कशी आली, याची एक कथा पुष्कळ वर्षे सांगितली जात होती: 1828 च्या वादळात सीबोल्टचे सामान न्यायचे जहाज किनाऱ्यावर चढले आणि त्यात नकाशे सापडले. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, तसे नव्हे. सीबोल्टने मामिया रिन्झो नावाच्या प्रवाशाला एक पुडके पाठवले होते. परक्याचे पुडके खाजगीत घ्यायचे नाही हा नियम. मामियाने ते न फोडता सरकारात नेऊन दिले आणि तिथून धागा सापडला. मामियाला दोष द्यावा का? मला ठरवता येत नाही. तो स्वतः उत्तरेच्या बर्फात हिंडून नकाशे काढणारा माणूस. नकाशाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक?

सीबोल्टच्या घराची झडती झाली. मूळ नकाशा हवाली करण्यापूर्वी त्याने एका रात्रीत बसून त्याची नक्कल करून ठेवली. महिनोन् महिने चौकशी चालली. त्याने कोणाची नावे सांगितली नाहीत. तरीही पन्नासांहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या. त्यांत दुभाषे होते, शिष्य होते. ताकाहाशी 1829 मध्ये तुरुंगातच वारला. निकाल लागायचा होता म्हणून त्याचे प्रेत मिठात घालून ठेवले. 1830 मध्ये देहान्ताची शिक्षा जाहीर झाली आणि त्या प्रेताचे डोके उडवण्यात आले. मुलांना बेटावर हद्दपार केले. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले एकदम गप्प होतात. नंतर कोणी तरी हमखास विचारते, "सर, पण नकाशाच होता ना?"

परदेशी असल्याने सीबोल्टचा जीव वाचला. 1829 च्या अखेरीस त्याला जन्माची बंदी घालून देशाबाहेर काढले. इने तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला नेता येणार नव्हते, नियम तोच. जाताना त्याच्याजवळ शिंपल्याच्या जडावाची एक लहानशी डबी होती. झाकणाच्या बाहेरच्या अंगाला ताकीचे चित्र, आतल्या अंगाला इनेचे. दोघींच्या केसांच्या बटाही त्याने नेल्या.

इने मोठी झाली. बापाच्या शिष्यांनी तिला शिकवले, आणि ती वैद्यक शिकली. प्रसूतीच्या कामात निष्णात झाली. पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास केलेली जपानातली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतात. दरम्यान 1853 मध्ये अमेरिकन पेरी आपल्या धुराच्या जहाजांसह एदोच्या खाडीत येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ ना यादी मागायची कोणाची छाती झाली, ना पेटीला खिळे ठोकायची. पाचसहा वर्षांत करारांवर करार झाले, बंदरे उघडली आणि देजिमाचा कारभार आटोपला.

सीबोल्टवरची बंदीही उठली. 1859 मध्ये तो पुन्हा नागासाकीला उतरला तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. मधल्या काळात त्याने जर्मनीत लग्न केले होते. त्या लग्नाचा थोरला मुलगा बरोबर होता. ताकीनेही दुसरा संसार केला होता. ती भेटायला आली. इनेही आली, बत्तीस वर्षांची, स्वतःच्या हिमतीवर उभी असलेली.

देजिमा आता बेट राहिलेले नाही. बंदराच्या भरावात समुद्र मागे हटला आणि त्याच्या सभोवती शहर आले. जुनी गोदामे पुन्हा बांधून काढली आहेत. तिकीट काढून कोणालाही आत जाता येते, बायकांनासुद्धा. आणि ती शिंपल्याच्या जडावाची डबी जग हिंडून परत आली आहे. नागासाकीत सीबोल्टच्या नावाचे संग्रहालय आहे, तिथे ती ठेवलेली असते.